संगणक-सुरक्षा : अननुभवी तरुणांना प्रवेश कसा मिळेल?

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुभवावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही, ही सुशिक्षित तरुणांची तक्रार नवी नाही. परंतु संगणक-सुरक्षेच्या, म्हणजे ज्याला आज सर्वत्र सायबर सुरक्षा म्हणतात त्या क्षेत्रात ती विशेष तीव्रतेने ऐकू येते. एकीकडे बँका, रुग्णालये, बंदरे आणि शासकीय कार्यालये यांना जाणते राखणदार हवे आहेत. दुसरीकडे नवशिक्यांच्या जागेसाठी निघालेल्या जाहिरातींतही दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला आढळतो. काही जाहिरातींत तर 'सीआयएसएसपी' हे प्रमाणपत्र आवश्यक म्हणून नमूद केलेले असते. पदवीधरास मिळणारी वर्षभराची सूट सोडली, तर या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. म्हणजे उमेदवार नवा असावा, पण पाच वर्षांचा जुनाही असावा! तालुक्याच्या गावी पदवी किंवा पदविका घेतलेली मुले-मुली अशी जाहिरात वाचतात आणि हे क्षेत्र मोठ्या शहरांतील अभियंत्यांचे आहे असे समजून मागे फिरतात. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी या विद्येच्या इतिहासातील एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगणे उपयुक्त ठरेल.

पाऊण डॉलरचा फरक

१९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या संशोधनाचे अनुदान संपले, तेव्हा त्यांची रवानगी संगणक विभागात झाली. त्या काळी मोठ्या संगणकाचा जितका वेळ वापरावा तितका आकार द्यावा लागे. या आकारणीच्या हिशेबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक येत होता. तो का येतो एवढे शोधून काढण्याचे किरकोळ काम या नव्या माणसाकडे आले.

दुसऱ्या कोणी हा फरक किरकोळीत टाकून वही मिटवली असती. स्टोल यांनी ती मिटवली नाही. शोध घेता असे दिसले की, एका खात्याने काही सेकंद संगणक वापरला आहे, परंतु त्या खातेदाराकडे बिल कोठे पाठवावे याची नोंदच नाही. पुढे निष्पन्न झाले की, कोणी परका इसम दूरध्वनीच्या तारेवरून प्रयोगशाळेच्या संगणकात शिरत होता आणि तेथून लष्करी संगणकांची दारे ठोठावीत होता. कित्येक दारांना तर कारखान्यातून आलेला मूळ सांकेतिक शब्दच कायम होता. तो बदलण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. स्टोल यांनी येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली आणि आगंतुकाची प्रत्येक कळ कागदावर उतरवून घेतली. शास्त्रज्ञ वेधशाळेत ठेवतो तशी दिनांक-वेळेसह वही त्यांनी ठेवली. अवघ्या ७५ सेंटच्या प्रकरणात लक्ष घालण्यास तपासयंत्रणा प्रारंभी उत्सुक नव्हत्या. तरीही सुमारे दहा महिने पाठपुरावा झाला आणि माग जर्मनीतील हॅनोव्हर शहरी पोहोचला. मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकली जात होती. या प्रकरणावर स्टोल यांनी १९८९ साली लिहिलेले पुस्तक आजही या क्षेत्रात आवडीने वाचले जाते.

स्टोल यांना सुरक्षेचा पूर्वानुभव नव्हता. संगणक त्यांना ठाऊक होता, हे खरे. परंतु त्यांच्या उपयोगी पडली ती जुळत नसलेली रक्कम सोडून न देण्याची वृत्ती आणि पाहिले ते पाहिल्याबरोबर लिहून ठेवण्याची शिस्त. रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक यांत पाऊण रुपयाचा फरक आला तर दिवेलागणीनंतरही उठत नाही असा ग्रामसेवक किंवा लेखनिक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही वृत्ती परकी वाटणार नाही.

काम प्रत्यक्षात कसे असते?

चित्रपटांमुळे या व्यवसायाविषयी भलत्याच कल्पना रूढ झाल्या आहेत. प्रत्यक्षात नवशिक्याची पहिली जागा बहुधा निरीक्षण कक्षात असते. तेथे पाळ्यांमध्ये, रात्रीच्या पाळीसह, काम चालते. संगणक आपल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवीत असतो. तिला लॉग म्हणतात. त्या नोंदींतून संशयास्पद वाटणाऱ्या घटनांचे इशारे पडद्यावर येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात : कोणी सांकेतिक शब्द विसरला, कोणी रजेवरून परतला. एखादाच इशारा खरा असतो. साताऱ्याचा कर्मचारी मध्यरात्री दोन वाजता परदेशातून कार्यालयीन खात्यात शिरलेला दिसतो, तेव्हा काय दिसले, ते संशयास्पद का, कोणास कळविले, हे चार ओळींत लिहून पुढे धाडावे लागते. या चार ओळींना कायद्यानेही महत्त्व दिले आहे. संगणकीय आपत्तींना तोंड देणारी केंद्र शासनाची संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

हे इशारे चाळण्याचे साचेबंद काम अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही करू लागली आहेत. त्यामुळे केवळ ठराविक बटणे दाबण्यास शिकलेल्या उमेदवाराला यापुढे जागा मिळणे कठीण होत जाईल, हे तरुणांपासून लपवून ठेवू नये.

दुसरे काम याहूनही नीरस, पण अधिक मोलाचे. प्रणालीत आढळलेली भोके बुजविणारी दुरुस्ती निर्माते वेळोवेळी पाठवितात. ती प्रत्येक यंत्रावर बसली की नाही हे पाहावे लागते. १४ मार्च २०१७ रोजी विंडोज प्रणालीतील एका भोकासाठी अशी दुरुस्ती उपलब्ध झाली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच भोकातून शिरून ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळित केले. त्यानंतरही जगात पुष्कळ यंत्रे उघडीच राहिली. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला आणि त्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली. रोगावरील लस तयार असतानाही ती टोचणारा माणूस कमी पडावा, तसा हा प्रकार होता.

महाराष्ट्राने याहून जवळचा अनुभव ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक व्यवस्थेत शिरकाव करून भामट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डांनी २८ देशांतून काही तासांत हजारो वेळा पैसे काढण्यात आले, आणि तेही शनिवारी. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. सुट्टीच्या दिवशी पडद्यासमोर जागा माणूस असणे म्हणजे काय, हे या घटनेनंतर कोणत्याही सहकारी संस्थेच्या संचालकास समजावून सांगावे लागू नये.

तयारी

बहुसंख्य लोक या क्षेत्रात समोरच्या दाराने येत नाहीत. कोणी संगणक दुरुस्तीच्या दुकानातून, कोणी बँकेच्या संगणक विभागातून, तर कोणी जाळ्याच्या तारा ओढणाऱ्या कंत्राटदाराकडून येतो. ज्याने शंभर बिघडलेली यंत्रे हाताळली आहेत, त्याला निरोगी यंत्र कसे वागते हे कळते. आणि निरोगीपण ओळखता आल्याशिवाय रोग ओळखता येत नाही. म्हणून सुरक्षेच्या आधी जाळे कसे चालते, लिनक्स आणि विंडोज प्रणाली कशा बांधलेल्या आहेत, नोंदी कोठे साठतात, हे शिकावे. थोडी पायथन भाषा यावी. स्वयम् आणि एनपीटीईएलवरील पाठ यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत.

सरावासाठी मोठा खर्च लागत नाही. ८ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने दोन आभासी संगणक उभे राहतात. त्यांतील एकावर लिनक्स घालावे. दुसऱ्यावर 'जूस शॉप'सारखे, सरावासाठी मुद्दाम कच्चे ठेवलेले संकेतस्थळ चढवावे. त्यांच्यामधील देवाणघेवाण वायरशार्कमधून न्याहाळावी. कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' ही विद्यार्थ्यांची विनामूल्य स्पर्धाही उत्तम आहे. परंतु केलेल्या प्रत्येक प्रयोगाची वही हवी. मुलाखतीत अनुभवाच्या रकान्यात मांडण्यासारखी तीच एक वस्तू नवशिक्याजवळ असते.

मराठी माध्यमातील मुलांची खरी अडचण इंग्रजीची आहे, बुद्धीची नव्हे. त्यांनी काय घडले ते आधी मराठीत क्रमाने लिहावे आणि मग दहा ओळी इंग्रजीत उतरवाव्यात. अहवालात व्याकरणाची चूक खपते. घटनांचा क्रम किंवा वेळ चुकलेली खपत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांनी निबंधाऐवजी महिन्यातून एकदा असा अहवाल लिहवून घेतला, तर मोठेच काम होईल.

प्रमाणपत्रांचा बडेजाव फार माजला आहे. आयएससी२ या संस्थेने २०२२ साली आणलेले 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' किंवा कॉम्पटियाचे 'सिक्युरिटी प्लस' ही नवशिक्यांसाठीची प्रमाणपत्रे असून त्यांना अनुभवाची अट नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकची या विषयातील पदव्युत्तर पदविकाही आहे. मात्र लाखभर रुपये घेऊन नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या वर्गांपासून पालकांनी सावध राहावे. शेत गहाण टाकून अशी फी भरण्याचे कारण नाही.

येथे कायद्याचा इशारा देणे अगत्याचे आहे. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाईची जबाबदारी येते. कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्याचे ठरल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाविद्यालयाच्या संकेतस्थळात गंमत म्हणून शिरणारा हुशार मुलगा ज्या क्षेत्रात जाऊ इच्छितो, त्याचेच दार स्वतःवर बंद करून घेतो.

कार्यालयांनी काय करावे?

अनुभवाची कोंडी फोडणे केवळ उमेदवारांच्या हाती नाही; किंबहुना ते अधिक प्रमाणात येथे जमलेल्यांच्या हाती आहे. राज्याने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हजारो तरुण कार्यालयांमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आले. त्यांतील संगणक शिकलेल्या मुलांना पुष्कळ ठिकाणी टंकलेखनास किंवा झेरॉक्स काढण्यास बसविले जाते. याच मुलांकडून पंचायत समितीस किंवा शाळेस अत्यंत गरजेचे असे काम करून घेता येईल. ते काम म्हणजे संगणकांची साधी मोजदाद.

कार्यालयात यंत्रे किती, त्यांवर कोणती प्रणाली आहे, तिला दुरुस्त्या मिळतात की नाही, याची यादी फार थोड्या कार्यालयांत सापडेल. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण साहाय्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; तरी अशी यंत्रे दप्तरी काम करीत आहेत. बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांची किती खाती अद्याप चालू आहेत? बॅकअप घेतला जात असेल, पण तो परत चढवून कधी पाहिला आहे काय? पडद्याच्या कडेला सांकेतिक शब्दाची चिठ्ठी कोठे कोठे चिकटलेली आहे? निरीक्षण कक्षातील पहिल्या वर्षाचे काम याहून फार निराळे नसते.

अशा पाहणीत डिजिटल स्वाक्षरीचा प्रश्न हमखास निघेल. ग्रामपंचायतीचा निधी खर्ची टाकताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) या दोघांच्या स्वाक्षऱ्यांची तरतूद करण्यामागे एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी हा हेतू आहे. सोयीसाठी दोन्ही डोंगल संगणक चालकाच्या खणात पडून राहिले, की दोन किल्ल्यांची एकच किल्ली होते. चालक प्रामाणिक असतो, बहुधा गावातलाच असतो. पण उद्या पैसे गेले तर संशय प्रथम त्याच्यावर येतो. त्याच्या रक्षणासाठी तरी डोंगल ज्याचा त्याने जवळ ठेवावा. आणि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची वाट पाहू नये.

प्रशिक्षणार्थ्याला हे काम देताना कार्यालयप्रमुखाने लेखी आदेश काढावा, कोणती यंत्रे पाहावयाची ते त्यात नमूद करावे आणि सांकेतिक शब्द त्याच्या हाती देऊ नयेत. काम संपल्यावर द्यावयाच्या दाखल्यात 'कामसू व होतकरू आहे' एवढेच लिहिले, तर पुण्याच्या कंपनीला त्यातून काही कळत नाही. किती यंत्रांची यादी केली, बंद करावयाची किती खाती शोधली, बॅकअप कोणत्या दिनांकास परत चढवून पाहिला, हे आकड्यांनिशी लिहावे आणि खाली सही-शिक्का द्यावा. कोणत्या यंत्रात कोणती उणीव सापडली हा तपशील मात्र दाखल्यावर येऊ देऊ नये; तो कार्यालयाच्या गोपनीय नस्तीत ठेवावा आणि पुढील पाहणीच्या वेळी उघडावा.