इंद्रवेल्लीचा स्तंभ
(गणेशोत्सवात वांकिडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला प्रवासाविषयी बोलायला सांगितलं आहे. अमृतसरचं सांगावं असं ठरवलं होतं, पण ते थोडक्यात सांगतो.

जालियनवाला बागेत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहिल्या, ती विहीर पाहिली आणि डोळे भरून आले. 13 एप्रिल 1919 चा तो प्रसंग शाळेत किती वेळा शिकवला असेन! बाहेर येऊन लस्सी प्यालो, फोटो काढले. तिथं रडणं सोपं होतं. गोळ्या घालायला लावणारा डायर परका आणि मेलेले आपले.

इंद्रवेल्ली मात्र आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली. केसलापूरला नागोबाच्या जत्रेला आपण जातो, तिथून ती जवळच. तरी पन्नाशी उलटेपर्यंत मी त्या स्तंभापाशी थांबलो नव्हतो. शेवटी आमच्याकडे पूर्वी सालगडी असलेल्या एका गोंड दादांबरोबर गेलो. आसिफाबादहून केरामेरीचा घाट चढून, आरटीसीच्या बसने.

20 एप्रिल 1981, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघाची सभा ठरली होती. तिची परवानगी रद्द झाली, पण गावोगावचे गोंड निघालेले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13. नागरी हक्कांचं काम करणारे साठच्या आसपास सांगतात, लोक त्याहून जास्त. स्तंभ उभा राहिला तो 1986 साली उद्ध्वस्त करण्यात आला, मग पुन्हा बांधला. पुढं कित्येक वर्षं 20 एप्रिलला तिथं जमावबंदी असे. घरच्या माणसांनाही फूल वाहायला जाणं अवघड.

लाल रंगाचा उंच स्तंभ आहे. दादांनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. ते म्हणाले, "बाजाराचा दिवस होता, गुरुजी. मीठ-तेल न्यायला आलेले पण होते." एवढंच. मला रडू आलं नाही. मान वर करवेना.

कारण त्या सभेचं मागणं होतं जमिनीचं. गोंडांच्या हातून जमिनी गेल्या त्या बाहेरून येऊन वसलेल्यांकडे, आणि त्यांत आपली मराठी माणसंही होती. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. निजामाच्या काळात मारलवाईला राहून त्यांनी गोंडांचा अभ्यास केला होता. 1959 चा जमीन हस्तांतराचा नियम 1970 साली कडक झाला, तरी कागद कसे फिरतात ते इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगावं?

1981 साली मी दहावीत होतो. "इंद्रवेल्लीत गडबड झाली," एवढंच वडील म्हणाले आणि दुकानाची फळी लावली. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

परत आल्यावर मी आजोबांची पेटी उघडली. त्यांची उधारीची वही अजून आहे. पानापानावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. पुढं ज्वारीचे मण, रुपये, आणि तीन ठिकाणी शेताच्या चतुःसीमा. त्यांतलं एक शेत आजही आमच्याकडे आहे. त्या पानावरचं आडनाव दादांच्या आडनावाशी जुळतं.

वही मी त्यांना अजून दाखवलेली नाही. पोळ्याला ते घरी आले होते, जेवून गेले. मुलाला मात्र सगळं सांगितलं आहे. येत्या 20 एप्रिलला तो माझ्याबरोबर येणार आहे, आणि वही बरोबर न्यायची असं आम्ही ठरवलं आहे.