बेतणे आणि जिवावर बेतणे



मराठीच्या प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी तयार कपड्यांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बडोद्याला हा विषय परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन उभारले, तेव्हा रंगकाम आणि विणकाम शास्त्राच्या पंक्तीला येऊन बसले. आजचा गारमेंट टेक्नॉलॉजिस्ट मला त्याच परंपरेतील वाटतो.

मापाप्रमाणे कापड कापणे याला आपण ‘बेतणे’ म्हणतो. शिंपी एका अंगासाठी बेततो. या तंत्रज्ञाला हजारो अनोळखी अंगांसाठी बेतावे लागते. धुतल्यावर पाच टक्के आटणाऱ्या सुती कापडाचा ७२ सेंटिमीटर लांबीचा सदरा ६८.४ सेंटिमीटरच उरतो. तेवढेच ३.६ सेंटिमीटर वाढवून भागत नाही. ७२ ला ०.९५ ने भागून सुमारे ७५.८ सेंटिमीटर लांबी धरावी लागते. लहान मुलांच्या कपड्याला गळ्याशी नाडी नको, कारण ती कोठे अडकली तर गळफास बसतो. बटण ओढून पाहायचे, कारण निसटलेले बटण तान्ह्याच्या घशात जाऊ शकते. सुई मोडली, तर तिचे सर्व तुकडे सापडेपर्यंत माल पुढे सोडायचा नाही. कधीही न भेटणाऱ्या माणसाची ही काळजी आहे.

मात्र याच भाषेत ‘जिवावर बेतणे’ असाही प्रयोग आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशीच तिला तडे गेले होते. खालची बँक व दुकाने बंद झाली. वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या धंद्यात टीप न टीप तपासली जाते, त्या धंद्यात भिंतीचा तडा दुर्लक्षिला गेला.

म्हणून या क्षेत्रात जाणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. एक कपडा शिवायला किती मिनिटे लागतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. मागितलेली मुदत माणसांच्या बळाबाहेरची असेल, तर नमुन्यावर मंजुरीची सही करण्यापूर्वी तसे लेखी कळवा. अंगात घालणाऱ्याची काळजी तुम्ही घेताच; शिवणाऱ्याचीही तितक्याच काटेकोरपणे घ्या. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या विद्यादानाचे चीज त्यातच आहे.