तारकर्ली-देवबागला कुटुंबाचा मुक्काम

मालवणजवळच्या तारकर्ली आणि देवबाग या गावांत मध्यम खर्चात राहण्याची सोय होते.
पर्यटन महामंडळाचे निवास आहेत.
गावकऱ्यांनी घराशेजारी बांधलेल्या खोल्याही आहेत.

श्रोतेहो, लहान मुले आणि वडीलधारी सोबत असतील,
तर गावकऱ्यांच्या घरचा मुक्काम अधिक सोयीचा.
त्याचे कारण जेवण.

ताजा मासा, भात, सोलकढी घरच्याच स्वयंपाकघरातून येते.
मुलांसाठी बिनतिखट वरण-भात सांगता येतो.
पण तो आधी सांगावा लागतो,
कारण मासळी आणि भाजी त्या त्या दिवशी माणसे मोजून आणली जाते.
म्हणून खोली ठरवतानाच जेवणाचे विचारावे.

आता समुद्राचे अंतर.
देवबाग ही जमिनीची अरुंद पट्टी आहे.
एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी.
खोली कुठेही घेतली, तरी पाणी चालत जाण्याइतके जवळच असते.
केवळ खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

तेच पैसे तळमजल्याच्या मोठ्या खोलीसाठी द्यावेत.
आजी-आजोबांचे जिने चढणे वाचते.
वीज गेल्यावर पंखा चालतो का, हे जरूर विचारावे.
किनाऱ्यावरच्या दमट हवेत पंख्याविना मुलांना झोप लागत नाही.
मच्छरदाणी आणि जादा गादीचेही विचारून घ्यावे.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो.
मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या तेव्हा बंद असतात.
दिवाळीत आणि नाताळात गर्दी फार.
तेव्हा खोली बरीच आधी ठरवावी,
आणि पुन्हा तेच, जेवणाचे त्याच वेळी विचारावे.