मद्यपानाचा वारसा व प्रीतीचे सामर्थ्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगलदिनी दारूविषयी बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरची चूल काल रात्री पेटली नाही, त्या घरी महोत्सव कसला? म्हणून आम्ही हाच विषय घेतला आहे.

आपल्या रानमुलुखात मोहाचे झाड कोणाचे वैरी नाही. चैत्रातल्या पहाटे फुले वेचावी, वाळवावी, खावी, अडीनडीस विकावी. कित्येक कुटुंबांस त्याने जगविले आहे. (झाडास शिव्या देणारे उपदेशक आम्हांस कधीच रुचले नाहीत.) तीच फुले आंबवून भट्टीवर चढविली म्हणजे मात्र बाप पितो आणि पुत्र त्याच्या पेल्यातील उरलेला घोट चाखीत मोठा होतो. पुढे तोही पिऊ लागला की शेजारी म्हणतात, "रक्तातच आहे, कोण काय करणार?"

या बोलण्यात सत्याचा अंश आहे. जुळी भावंडे व दत्तक मुले यांच्या अभ्यासावरून वैद्यकशास्त्र सांगते की, हे व्यसन जडण्याच्या संभवाचा सुमारे अर्धा भाग अनुवंशाचा असतो. परंतु वारशाने येतो तो कल, निकाल नव्हे. बापांनी खाल्लेल्या आंबट द्राक्षांचा परिणाम पोरांच्या दातांवर होतो, अशा अर्थाची एक म्हण इस्राएली लोकांत रूढ होती. ती यापुढे तोंडी आणू नका, असे परमेश्वराने यहेज्केल संदेष्ट्याच्या मुखे त्यांस बजाविले.

आयर्लंडातील डब्लिन शहरी १८५६ साली जन्मलेला मॅट टॅल्बट पाहा. बाप मद्यपी, बहुतेक भाऊ मद्यपी. हा बाराव्या वर्षी मद्याच्या कोठारात कामास लागला व तेथेच पिऊ लागला. एकदा तर एका भिकारी वादकाचे सारंगीसारखे वाद्य चोरून त्याने त्याची दारू केली. १८८४ साली, हाती पैसा नसता, तो गुत्त्याबाहेर उभा राहिला; रोजचे सोबती शेजारून गेले, एकानेही पाज म्हटले नाही. तो घरी आला व दारू सोडण्याची शपथ घेतो म्हणून आईस म्हणाला. आईने त्यास हिणविले नाही. पाळणार असलास तरच घे, एवढेच सांगितले. त्याने पापनिवेदन केले व शपथ घेतली, ती अवघ्या तीन महिन्यांची! मग सहा महिन्यांची, मग जन्माची. पुढे त्याने लाकडाच्या वखारीत हमाली केली. बल्लारपूर-आलापल्लीच्या सागाची ने-आण करणाऱ्या आपल्या बांधवांस ते काम निराळे सांगावयास नको. १९२५ साली मिस्सेस जात असता वाटेतच त्याने देह ठेविला. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यास 'पूजनीय' म्हटले.

आमच्या भागातील मातांनीही पुष्कळ सोसले व लढविले. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, तीमागे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्याबरोबर गावोगावच्या स्त्रिया होत्या. २०१० साली चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालल्या. २०१५ च्या १ एप्रिलपासून तेथेही बंदी आली, आणि २०२१ साली ती उठली. कायदा दुकानास कुलूप घालतो. ते कुलूप हवे असे आमचे मत आहे. पण मनातील तहान तेवढ्याने शमत नाही.

ती प्रीतीने शमते. मात्र प्रीती म्हणजे पतीची उधारी फेडणे नव्हे, अथवा मार खाऊन गप्प बसणेही नव्हे. मार होत असेल तर भगिनींनी लेकरांसह आधी सुरक्षित ठिकाणी यावे. आणि बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने भक्तीच्या आवेशात एकाएकी दारू तोडू नये. फेफरे येऊन प्राणावर बेतते. आधी त्यास डॉक्टरांकडे नेऊ.

रविवारी मिस्सेनंतर आम्ही सभागृहात वही घेऊन बसू. शपथ तीन महिन्यांचीच लिहून घेऊ. पती आला नाही, पत्नी वा आई एकटीच आली, तरी तिच्यासाठी खुर्ची मांडलेली असेल.