गोळी चालू आहे, पण पिशवीचं तोंड तपासलं का?

अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या मायबहिणींशी आज मला कॅन्सरबद्दल बोलायचं आहे.

१९८१ साली अमेरिकेत २६ पुरुषांना कापोसी सार्कोमा नावाचा दुर्मिळ कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं. अंगावर जांभळे डाग उठायचे. एड्सची चाहूल जगाला लागली ती अशा रोग्यांमधून. ज्या वेगळ्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो विषाणू आपल्याकडे फारसा नाही, त्यामुळे हा कॅन्सर इथे क्वचितच दिसतो. त्याची धास्ती घेऊ नका.

काळजी वाटते ती गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. एचआयव्ही असलेल्या बाईला तो होण्याचा धोका इतर बायांच्या सहापट आहे. आणि तो वर्षानुवर्षं न दुखता वाढतो. अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं. कापसाची वेचणी चालू असते, बाई म्हणते, ‘होईल बरं आपोआप.’ असं अंगावर काढू नका, माय! काही त्रास नसला तरी पंचविशीनंतर तपासणी करून घ्या. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. भूल नाही, टाके नाहीत. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची तपासणी त्याहून चांगली. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखावर बायांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या खेड्यापाड्यांतल्या बाया होत्या, तुमच्यासारख्याच.

दुसरी गोष्ट गाठीची, आणि ही पुरुषांनीही ऐकावी. मानेत, काखेत गाठ आली की आधी टीबीचा संशय येतो, तो बहुतेकदा खराही असतो. पण टीबीच्या औषधाने गाठ कमी होत नसेल, ताप आणि रात्रीचा घाम थांबत नसेल, तर गाठीचा तुकडा तपासायला सांगा. तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असू शकतो, आणि वेळेत कळला तर एआरटी चालू ठेवून केमोथेरपी देता येते.

तपासणीला गेलो तर गावात कळेल, ही भीती मी समजू शकते. तुमच्या संमतीवाचून तुमचा आजार दवाखान्याने बाहेर सांगू नये, असं एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७ चा कायदा सांगतो.

पुढच्या वेळी गोळ्यांच्या रांगेत उभ्या राहाल तेव्हा सिस्टरला एवढंच विचारा, ‘माझी पिशवीची तपासणी केव्हा?’ पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरची तारीख मागून घ्या.