लहान गावाचा भूगोल व इतिहास
(केंद्र संमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



ज्यांना स्वतःची ग्रामपंचायत नाही व ज्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येण्याचा संभव नाही, अशी लहान गावे आपल्या वऱ्हाडात पुष्कळ आहेत. मेळघाटातील वनग्रामांना तर महसुली गावाचा दर्जाही नव्हता. त्यांची व्यवस्था वनखात्याकडे असे. परंतु दप्तरात नोंद नाही म्हणजे गावाला इतिहास नाही, असा समज विद्यार्थ्यांचा होऊ नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

भूगोलाचा आरंभ पाण्यापासून करावा. आपल्या नाल्याचे पाणी कोठे जाते, हा पहिला प्रश्न. सिपना, खापरा या नद्या मेळघाटातून तापीकडे वाहतात. शहानूर, चंद्रभागा व वान दक्षिणेस उतरून पूर्णेला मिळतात. आणि पूर्णाही शेवटी चांगदेवाजवळ तापीलाच मिळते. एवढे समजले की लहानशा पाड्यातील मूलही आपले गाव नकाशावर शोधू लागते.

इतिहासाची साधने गावातच असतात. कोरकू वस्तीत समोरासमोर असलेल्या घरांच्या दोन ओळी पाहाव्यात. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले, सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले सागवानी 'मुंडा' खांब पाहावेत. कोरकू भाषा मुंडा भाषाकुलातील आहे. ती मराठीची बोली नव्हे, हेही वर्गात सांगावे.

हे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली स्थापन झाला. पुढे या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे डोंगरातून उठून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात वसली. तेथे जन्मलेल्या मुलांनी जुने गाव पाहिलेले नाही. जुना पाणवठा, देवस्थान, शेताची नावे ही आता केवळ वृद्धांच्या स्मरणात आहेत.

या स्मरणाला कायद्यानेही किंमत दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनग्रामांना महसुली गाव होण्याचा हक्क मान्य केला. त्याच्या नियमांनुसार वृद्धांचे लेखी निवेदन, वंशावळ, स्मशानभूमी व देवस्थाने ही दाव्यासाठी पुरावा म्हणून ग्राह्य धरली जातात.

म्हणून प्रत्येक शाळेने एक वही करावी. मुलांनी आजीआजोबांना तीन प्रश्न विचारावेत: गाव येथे केव्हा व का वसले? पाणी कोठून आणीत? कोणत्या जागेला काय म्हणत? उत्तर कोरकूत मिळाल्यास ते त्याच शब्दांत देवनागरीत उतरवावे व शेजारी मराठी अर्थ द्यावा. सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहावयास विसरू नये. दोघांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही नोंदी ठेवाव्यात. त्यांत निवाडा करण्याची घाई शिक्षकाने करू नये.

शिक्षकाची बदली होते. वही मात्र शाळेच्या दप्तरातच राहावी.