मुत्सद्दी आणि मठवासी

ख्रिस्ती धर्मगुरूच्या आयुष्यांत त्याच्या गुरुदीक्षेच्या दिवसाला वाढदिवसापेक्षांही अधिक मान असतो. बिशपांनीं मस्तकावर हात ठेवून दीक्षा दिली, कीं तो मनुष्य आमरण धर्मगुरु होतो. पंचविसाव्या वर्षीं रौप्यमहोत्सव आणि पन्नासाव्या वर्षीं सुवर्णमहोत्सव, असा तिकडे परिपाठ आहे. परंतु ज्याला चौसष्ट वर्षें उलटल्यावर दीक्षा मिळाली, त्यानें रौप्यमहोत्सवाची आशा कशी धरावी? त्याला दहा वर्षें लाभलीं तरी तें भाग्यच म्हणावयाचें. बेल्जममधील ब्रूज शहराजवळच्या सेंट अँड्र्यू मठांत, बेनेडिक्टपंथी साधु पिएर-सेलेस्तँ यांच्या गुरुदीक्षेला २९ जून १९४५ रोजीं अशीं दहा वर्षें पूर्ण झालीं.

हे साधु मूळचे चीनचे. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव लू चंग-श्यांग. त्यांचा जन्म १८७१ सालीं शांघाय येथें झाला. घराणें प्रॉटेस्टंट पंथाचें. ते स्वतः कॅथॉलिक झाले ते १९११ सालीं. १८९३ मध्यें ते दुभाषे म्हणून सेंट पीटर्सबर्ग येथील चिनी वकिलातींत गेले. तेथें शू चिंग-चेंग हे वरिष्ठ त्यांना गुरुस्थानीं लाभले. युरोपचें बळ तोफांत नसून धर्मांत आहे, तेव्हां त्या धर्माची अतिप्राचीन शाखा शोधून तिच्यांत प्रवेश कर, असा उपदेश शू यांनीं या तरुणाला केला होता. पुढें १९०० सालच्या बॉक्सर बंडांत, परकीयांशीं युद्ध करूं नये असें दरबारास स्पष्ट सांगितल्याबद्दल शू यांना देहान्त शासन झालें. गुरु गेले, उपदेश मात्र शिष्याच्या मनांत राहिला.

१९१२ सालीं चीनमध्यें प्रजासत्ताक स्थापन झालें आणि लू परराष्ट्रमंत्री झाले. कांहीं काळ त्यांनीं पंतप्रधानपदही सांभाळलें. परंतु तो मान कांटेरी होता. जानेवारी १९१५ मध्यें जपाननें एकवीस मागण्या पुढें केल्या, आणि मे महिन्यांत निर्वाणीचा खलिता धाडला. चीनजवळ लढण्याचें सामर्थ्य नव्हतें. त्या मागण्यांपैकीं बऱ्याच मान्य करणाऱ्या करारांवर परराष्ट्रमंत्री या नात्यानें सही करण्याचें दुर्दैव लू यांच्याच वांट्यास आलें.

चार वर्षांनीं पॅरिस येथें शांतता-परिषद भरली. तेथें चिनी शिष्टमंडळाचे प्रमुख लू होते, आणि तरुण मुत्सद्दी वेलिंग्टन कू हे त्यांचे सहकारी होते. जर्मनीचे शांटुंग प्रांतांतील हक्क चीनला परत मिळावे, एवढीच मुख्य मागणी होती. शांटुंग म्हणजे कन्फ्यूशिअसची जन्मभूमि. चीन दोस्तराष्ट्रांच्या बाजूनें युद्धांत उतरला होता. तरीही ते हक्क जपानलाच देण्यांत आले. ४ मे १९१९ रोजीं पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. निदान आपला आक्षेप नोंदवून सही करूं द्या, ही विनंतीही परिषदेनें नाकारली. तेव्हां २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायच्या समारंभांत चीनच्या प्रतिनिधींच्या जागा रिकाम्या राहिल्या. एकदां सही करून जें दुःख भोगलें, तें लू यांनीं दुसऱ्यांदां भोगण्याचें नाकारलें.

त्यांची पत्नी बर्थ बोव्ही ही बेल्जन होती. ती १९२६ सालीं निवर्तली. अपत्य नव्हतें. पुढल्याच वर्षीं, छप्पन्न वर्षांच्या या गृहस्थानें मठाचें दार ठोठावलें. आपल्याकडील वाचकांस यांत वानप्रस्थाची आठवण होणें साहजिक आहे. पण हा विश्रांतीचा वानप्रस्थ नव्हता. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणें मठांतील ज्येष्ठता वयावरून वा पूर्वीच्या पदावरून ठरत नाहीं; जो आधीं आला तो ज्येष्ठ. माजी पंतप्रधानांस आपल्या मुलांच्या वयाच्या साधूंच्या मागें बसावें लागे. भल्या पहांटे घंटा, लॅटिन स्तोत्रें, मौन, अभ्यास. उतारवयांत लॅटिन शिकणें त्यांना फार जड गेलें. शेवटीं २९ जून १९३५ रोजीं, चीनमध्यें पूर्वीं पोपचे प्रतिनिधि असलेले आर्चबिशप कोस्तांतिनी यांच्या हस्तें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कन्फ्यूशिअसनें शिकविलेली पितृभक्तीच ख्रिस्तधर्मांत पूर्णत्वास जाते, असें ते मानीत. आपण चिनीपण टाकलें असें त्यांना कधींच वाटलें नाहीं.

आतां दहाव्या वर्षदिनाचा योग पहा. युरोपांतील युद्ध मे १९४५ मध्यें थांबलें होतें. चीनमधील मात्र अद्याप चालूच होतें. तो दिवस उजाडण्यापूर्वीं तीनच दिवस, म्हणजे २६ जून रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या. आक्रमणाला प्रथम बळी पडलेलें राष्ट्र म्हणून पहिल्या सहीचा मान चीनला देण्यांत आला. ती सही करणारा हात वेलिंग्टन कू यांचा होता! ज्यांच्या जागा व्हर्सायला रिकाम्या राहिल्या, त्यांचें राष्ट्र आतां पहिल्या जागीं बसलें होतें. आणि त्या वेळचा प्रमुख दूर फ्लँडर्समधील एका मठांत मिस्सा अर्पण करीत होता.

पुढें १९४६ सालीं पोपनें त्यांना मठाधिपतीची मानाची पदवी दिली. स्वदेशीं परतण्याची त्यांची इच्छा मात्र यादवी युद्धामुळें अपुरी राहिली. १५ जानेवारी १९४९ रोजीं ब्रूज येथें त्यांचा अंत झाला. धर्मगुरु म्हणून त्यांना चौदा वर्षेंही पुरीं लाभलीं नाहींत. परंतु देशसेवा दरबारांत संपते असें मानणाऱ्यांनीं त्या थोड्या वर्षांचा अवश्य विचार करावा. राज्यकारभारांत ज्याला देशासाठीं फारसें मिळवितां आलें नाहीं, तो त्याच देशासाठीं रोज पहांटे उठून प्रार्थना करीत राहिला. आणि या सेवेंत कोणत्याही परिषदेची अनुमति त्याला मागावी लागली नाहीं.